गावचा तंदूर

“रोज पहाटे बायका झाकलेल्या टोपल्या घेऊन तुमच्या अंगणात जमतात. आम्ही आकाशातून पाहिलंय,” परदेशी फौजेचा साहेब म्हणाला.

“गावात तंदूर एकच, साहेब. सगळ्याजणी तिथेच रोट्या भाजतात,” गुलालई म्हणाली. काल त्याच तंदुरावर बॉम्ब पडला होता आणि तिच्या नवऱ्याला फौजेने दहशतवादी म्हणून धरून नेलं होतं.

“मग टोपल्या झाकता कशाला?”

“रोट्या गार होतात म्हणून.”

“म्हणजे झाकता, हे कबूल.”

गुलालईने ओढणी पसरली. “त्याला सोडा, साहेब. माझ्या माणसाने काही केलेलं नाही.”

“ते आम्हालाही ठाऊक आहे,” साहेब मायेने म्हणाला. गुलालईच्या जिवात जीव आला.

“पण त्याला सोडलं, तर तंदुरावर बॉम्ब का टाकला, हे आमच्या लोकांना काय सांगायचं, बाई?”