दुसरी सीट

"खाली पाहुण्यांना पाणी द्यायला माणूस नाही, आणि तुम्ही इथे विमानाला शेपूट लावताय?"

"शेपूट नाही गं. हा नुसता पुढचा भाग आहे," भिकमचंद प्लायवूडच्या मागून म्हणाला. त्याचं डोकं दिसत नव्हतं. फक्त पाय बाहेर आले होते.

सज्जनबाईला त्या पायांचाही राग आला. आज रागाला काहीही पुरत होतं.

गच्चीवरच्या या खोलीत पूर्वी तिचे पापड-कुरडयांचे डबे असायचे. आता तिथे प्रवासी विमानाचं कॉकपिट होतं. प्लायवूडचं, पण आत बसलेला माणूस फसावा असं. खटके भिकमचंदच्या स्वतःच्या दुकानातले. निम्म्या जळगावातले दिवे त्याच्याकडच्याच खटक्यांवर लागायचे. सीटा भंगारातल्या जीपच्या. समोर तीन टीव्ही शेजारी शेजारी, आणि त्यांत निळंशार आभाळ. लेक विधी शाळेत होती तेव्हा सुरू झालेलं हे वेड. कधी पुरं होईल असं कुणालाच वाटत नव्हतं, त्यामुळे त्याचा कुणाला त्रासही नव्हता. पण घरात कार्य ठरलं आणि भिकमचंदने मनावर घेतलं. "एवढं पुरं करतो. मग मी मोकळा."

म्हणजे हा मोकळा, आणि बाकी सगळं सज्जनबाईच्या डोक्यावर. मांडववाला तिने बघायचा, आचाऱ्याशी तिने वाद घालायचा, गाद्या-उशा तिने मोजून द्यायच्या. आणि याला बोलायची कुणाची हिंमत नाही!

"करू द्या ना भाभी," धुळ्याहून आलेली नणंद कंचनबाई सकाळपासून घोकत होती, "त्यांच्या मनात काही राहायला नको. किती भाग्यवान आहात तुम्ही!"

भाग्यवान! गल्लीतली प्रत्येक बाई येऊन तिला तेच सांगून जाई आणि जाताना लाडू खाऊन जाई. सज्जनबाईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

लेकही बापाच्याच बाजूची. विधीने काल सगळ्यांबरोबर बापाच्या तळहातावरही मेंदी काढली होती. तीसुद्धा विमानाची. ती वाळायच्या आत यानं हातात पाना धरला.

सुपडू सुतार हत्यारं आवरत होता. तिला बघून तो हसला. "शेठानी, बठ्ठं तयार शे. बशी देखा एकदाव."

"तूच बस. मला खाली कामं पडलीत."

"मी बशी उना. आते तुम्हना नंबर," म्हणत सुपडू जिना उतरून गेला.

भिकमचंद कपडे झटकत बाहेर आला. केसांत भुसा. "ये. तुझी उजवीकडची."

"मी बसणार नाही."

"बरं."

तो डावीकडे जाऊन बसला आणि गप्प राहिला. भांडला असता तर ती तरातरा खाली गेली असती. गप्प माणसाशी काय करायचं? ती पदर सावरत, कण्हत, आत शिरली. दोन सीटांमध्ये जागा इतकी कमी की कोपराला कोपर लागत होता.

"एवढी अडचण! मोजताना झोपला होतात का?"

"मुद्दाम केली."

तिने ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

खरं दुखणं विमानाचं नव्हतंच. उद्या मांडवात, सगळ्यांसमोर उभं राहून तिला एक वाक्य बोलायचं होतं. तिच्या वतीने दुसऱ्या कुणी बोललेलं चालणार नव्हतं, आणि ती बोलली नाही तर कार्य तिथेच थांबणार होतं. आठवडाभर ती आरशासमोर उभी राहत होती. वाक्य पहिल्या शब्दापुढे जात नव्हतं. आणि ज्यानं धीर द्यायचा, तो इथे वायरी जोडत होता.

"हा दांडा हळूच मागे ओढ," भिकमचंद म्हणाला. "समोर बघ. आपलीच जळगावची धावपट्टी."

"मला शिकवून काय उपयोग? श्रेयांसला शिकवा. मुलगा आहे तुमचा."

"त्याला येतं, पण त्याचं लक्ष नसतं. तुझं रागाने का होईना, असतं. अधूनमधून येऊन बसत जा."

"एकटी? वेड लागलंय का मला?"

त्याने समोर बोट दाखवलं. जमीन वर वर येऊ लागली. सज्जनबाईने दांडा दोन्ही हातांनी गच्च धरला. विमान डगमगलं, आपटलं, पुन्हा उडालं आणि धावपट्टी सोडून बाजूच्या हिरव्यात घुसून थांबलं.

"कपाशीत घातलंस," भिकमचंद म्हणाला.

तिला हसू आलं. त्याचाही तिला संताप आला.

"माणसं वाचली?"

"सगळी. पण चालत घरी जावं लागेल."

ती डोळे पुसू लागली. त्याने मेंदीचा हात दांड्यावरच्या तिच्या हातावर ठेवला.

"सज्जन, उद्या बोलशील ना?"

"मला विचारलं होतंत का आधी? ठरवून मोकळे झालात!"

"विचारलं होतं. तू तीन वर्षं नाही म्हणालीस. मी थांबलो."

हे खरं होतं, म्हणून तिला आणखीच राग आला.

"बोलेन," ती म्हणाली. "पण रडणार नाही, सांगून ठेवते. आणि तोंडदेखलं हसणारही नाही."

दुसऱ्या दिवशी मांडव गच्च भरला. सज्जनबाई उभी राहिली तेव्हा विधीने तिचा दंड धरला होता. जैन महाराजसाहेब माईक वापरत नाहीत, म्हणून पार मागच्या रांगेपर्यंत सगळे गप्प झाले.

"सज्जनबाई, आपले पती भिकमचंदजी आज संसार सोडून दीक्षा घेत आहेत. यापुढे त्यांना कुणी पती म्हणणार नाही, कुणी पिता म्हणणार नाही. पत्नी म्हणून आपली आज्ञा आहे?"

"आज्ञा आहे!" सज्जनबाई भांडल्यासारखी ओरडली.