खिडकीपाशी आई

अराबा घरच्या घरी फोटोग्राफी शिकत होती. आतापर्यंतच्या धड्यांत खाण्याचे पदार्थच टिपायचे होते, म्हणून मक्याच्या पिठाचे केन्के, तळलेली मासळी, मिरचीचा ठेचा असं सगळं तिने मन लावून टिपलं. आजचा धडा माणसाच्या चेहऱ्याचा होता. एरवी कॅमेरा दिसला की पळ काढणारी आई आज आपणहून ठेवणीतले कपडे आणि सोन्याचे डूल घालून खिडकीपाशी येऊन बसली.

"इथे उजेड बरा आहे ना गं? नीट काढ हं. मोठा करता येईल असा."

अराबाच्या काळजात धस्स झालं. उद्या आईचं ऑपरेशन होतं. मावशी गेली तेव्हा केप कोस्ट शहरभर लागलेल्या अंत्यविधीच्या फलकांवरचा तिचा धूसर फोटो पाहून आई म्हणाली होती, "माझ्या वेळी असला लावू नका रे बाबांनो."

कोपरं टेबलावर टेकवून, श्वास रोखून अराबाने बटण दाबलं.

"कसा आलाय?"

"हललाय," अराबा घाईघाईने म्हणाली. "राहू दे आता. तू घरी आलीस की पुन्हा काढू."

"बघू तरी."

आईने चष्मा लावून कॅमेरा हातात घेतला. पडद्यावर तिची एकेक सुरकुती, डोळ्यांत उतरलेला खिडकीचा उजेड, सगळं लख्ख दिसत होतं. ती बराच वेळ बघत राहिली. अराबाची मान काही वर होईना.

"खरंच की, हललाय," आई म्हणाली. "पुसून टाक. आल्यावर पुन्हा बसते मी."