पासष्टीपुढचा गट

फिटरला सुवर्णपदक मिळालं. त्याचं अभिनंदन करून आपण ते मिळालंच नाही असं धरून चालू, कारण त्या रविवारच्या सकाळपर्यंत त्याच्याकडे फक्त रौप्यपदकं होती, आणि ती सगळी शेवटच्या क्रमांकाची होती.

हौशी प्रौढांच्या फिगर स्केटिंगमध्ये वयानुसार गट असतात. चाळिशी-पन्नाशीच्या गटांत इतकी गर्दी, की सरावाला बर्फ पुरत नाही. पासष्टीपुढच्या गटात दोघंच. एक फिटर, दुसरे डॉक्टर. डॉक्टर म्हणजे दातांचे, निवृत्त. दर वर्षी डॉक्टर पहिले यायचे आणि फिटर दुसरा.

"दोघांत दुसरा," बायको म्हणायची. "म्हणजे तुमच्या मागे फक्त भिंत."

हे ती त्याचे केस रंगवताना म्हणायची, त्यामुळे त्याला उठून जाता यायचं नाही.

"अहो, मान हलवू नका. कानाला लागलं तर भाजेल."

"झोंबतंय गं."

"झोंबणारच. हे अजून किती वर्षं करायचं मी?"

"एकदा सोनं येऊ दे. मग सगळं सोडून देतो."

फिटर लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याचं नाव लोकांच्या तोंडी यायचं ते दोन मजल्यांच्या मध्ये अडकल्यावर, आणि तेही शिव्यांसकट. कुणीही कुठेही अडकलेलं नसताना लाऊडस्पीकरवरून आपलं नाव पहिलं पुकारलं जावं, एवढीच त्याची इच्छा होती. पूर्वीच्या शहरात तो खालच्या गटात उतरायचा आणि नववा यायचा. मग बदली होऊन इथे आला आणि त्याने पासष्टीपुढच्या गटात नाव दिलं.

इथल्या रिंकवर त्याचं फार कौतुक. प्रशिक्षक ताई वयाने सगळ्यांत लहान, पण आजोबा मंडळीही तिला ताईच म्हणायची. कुणी गुडघ्याची कुरकुर केली की ती फिटरकडे बोट दाखवायची. "काकांकडे बघा. या वयात लिफ्टच्या खड्ड्यात उतरतात. काका, निवृत्त कधी होणार?"

"कंपनी सोडत नाही," फिटर म्हणायचा.

त्या रविवारी कपडे बदलायच्या खोलीत ओल्या मोज्यांचा वास होता. डॉक्टरांना वाकता येईना, म्हणून फिटर खाली बसून त्यांच्या स्केट्सच्या नाड्या बांधत होता.

"घट्ट बांधा," डॉक्टर म्हणाले. "सुटली तर सोनं तुम्हाला जाईल."

"मग सैलच बांधतो."

डॉक्टर हसले आणि हसता हसता त्यांना धाप लागली. ती उतरायला बराच वेळ गेला.

"कुणाला सांगू नका," ते म्हणाले. "हृदयाची एक झडप गेलीये माझी. गेल्या महिन्यात ऑपरेशन ठरलं होतं. मी गेलोच नाही."

फिटरचा हात नाडीवर थांबला. "का?"

"तुमच्यामुळे."

"मी काय केलं?"

"सर्जन म्हणाला, झडप बदलू, पण या वयात बर्फाला कायमचा रामराम. मी म्हटलं, आमचे फिटर माझ्याहून दोन वर्षांनी मोठे. ते खड्ड्यात उतरतात, उड्या मारतात, जिन्याने धावत येतात. त्यांना काही होत नाही, मग मलाच काय धाड भरलीये? उठलो आणि घरी आलो. तुम्हाला बघितलं ना, की मला औषध घेतल्यासारखं वाटतं."

फिटरने तोंड उघडलं. तेवढ्यात ताईने दारातून डोकं आत घातलं. "काका, चला, आधी तुमचा नंबर."

"डॉक्टर, मला तुमच्याशी बोलायचंय."

"नंतर बोलू की. मी कुठे पळून जातोय?"

फिटर बर्फावर गेला. एका उडीत पडला, उठला आणि उरलेला कार्यक्रम कसाबसा पार पाडला. नेहमीसारखंच झालं. आता डॉक्टरांनी फक्त उभं राहून हात हलवले असते तरी ते जिंकले असते.

डॉक्टर आले. पांढरे हातमोजे, ताठ पाठ. त्यांनी सुंदर मोठं वळण घेतलं, रिंकच्या मधोमध आले आणि हळूच खाली बसले. बसून गिरकी घ्यायची करामत या गटात कुणी करत नाही, म्हणून लोकांनी जोरदार टाळ्या वाजवल्या. गिरकी काही आली नाही. कुणाचाही कार्यक्रम मध्येच तोडायचा नाही अशी सूचना असल्यामुळे गाणं शेवटपर्यंत वाजलं.

रुग्णवाहिका आली आणि गेली. बर्फ सारखा करणारं यंत्र काठाशी घुरघुरत उभं होतं. मग क्लबच्या सचिवांना फोन आला. त्यांनी टोपी काढली, सगळ्यांना दोन मिनिटं उभं केलं, आणि पुढचे गट ताटकळले होते म्हणून निकालही वाचून टाकला. अपूर्ण कार्यक्रम धरता येत नाही. पासष्टीपुढचा गट, प्रथम क्रमांक. लाऊडस्पीकरवरून फिटरचं नाव पहिलं पुकारलं गेलं. शेवटचंही तेच होतं.

तीन पायऱ्यांच्या चौथऱ्यावर तो एकटा उभा राहिला. बायको प्रेक्षकांत होती. तिने मान खाली घातली होती. ताईने त्याच्या गळ्यात पदक घातलं आणि मागे खुर्ची आणून ठेवली.

"काका, दोन शब्द बोला आणि लगेच बसा. या वयात असले धक्के झेपत नाहीत."

फिटरने माईक घेतला. चारचौघांत तो कधी बोलला नव्हता. साहेबांकडे रजा मागायची भाषा तेवढी त्याला येत होती, म्हणून तो त्याच भाषेत बोलला.

"माननीय सचिव महोदय, माझं वय एक्कावन्न आहे. तरी ही बाब डॉक्टरांना गेल्या महिन्यात, ऑपरेशनच्या तारखेआधी, कळवण्यात यावी, ही नम्र विनंती."