दिवा लागला का?

सुजित सकाळपासून कपाटामागे डोकं खुपसून बसला होता. गणपतीलाही रजा मिळत नाही म्हणणारा लेक आज साध्या रविवारी गाडीतून एक जड बॅटरी काढत दारात उतरला, तेव्हा बायजाला आभाळ ठेंगणं झालं होतं. तिने लगोलग मोड आलेल्या वालाचं बिरडं शिजत घातलं, तांदळाचं पीठ काढलं. लेक आईला नव्हे, डब्याला भेटायला आलाय, हे कळायला तिला दुपार व्हावी लागली.

डबा म्हणजे कपाटावरचं काळं यंत्र. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्याएवढं, पुढे एक बारीक हिरवा दिवा. ऐरोलीच्या कंपनीत सुजित सर्व्हर सांभाळायचा आणि तिथली शिस्त घरालाही लावायचा. फोटोंची एक प्रत नेहमी लांबच्या गावी असावी. इकडे काही बरंवाईट झालं तर तिकडची शाबूत राहते. म्हणून त्याच्या मुलाचे, ऋत्विकचे, जन्मापासूनचे सगळे फोटो म्हसळ्याजवळच्या या घरात, आजीच्या कपाटावर होते. आजीने त्यातला एकही पाहिला नव्हता. दसऱ्याला मात्र ती कोयत्या-विळ्याबरोबर डब्यालाही न चुकता हळदकुंकू लावायची.

"आई, तुमच्या इथल्या लाईटची कमाल आहे," सुजित तारा जोडता जोडता म्हणाला. "जरा कुठे आठवडा गेला की गेलीच! डबा बंद पडला की मला तिकडे मेसेज येतो. मग मीटिंग सोडून तुला फोन करत बसायचं."

"व्हय रे, जाम जाते," बायजा चुलीजवळून म्हणाली आणि तिने भाकरी उलटली.

बाई धादांत खोटं बोलत होती. लाईट जायची, नाही असं नाही, पण इतकी नाही. पहिल्यांदा झाडताना तिच्याच हातून बटण बंद झालं होतं. केर सुपात भरेपर्यंत फोन वाजला. "आई, लाईट गेली का? आली? बटण लाव. दिवा लागला का बघ." डबा सुरू व्हायला वेळ लागायचा. तेवढा वेळ सुजित फोनवर थांबायचा, आणि थांबलोच आहोत तर म्हणून विचारायचा, जेवलीस का, गोळी घेतलीस का, गुडघा कसा आहे. एकदा ऋत्विकलाही फोन दिला होता. एरवी तिने आपणहून फोन केला की तो मीटिंगमध्ये असायचा. "नंतर करतो" म्हणायचा, आणि त्या 'नंतर'ला कधी मुहूर्त सापडायचा नाही.

मग काय, घर फारच खायला उठलं की बायजा जाऊन बटण बंद करायची. पुढे पुढे तर दिवा लागलेला असला तरी सांगायची, "न्हाय रे, अजून न्हाय लागला."

"झालं!" सुजित उठला, हात झटकले. "ये, बघ आता." त्याने भिंतीवरचं बटण बंद केलं. डब्यावरचा हिरवा दिवा होता तसाच राहिला. "बघ, गेली लाईट. हलला का डबा?"

"न्हाय."

"आणि मेसेजही बंद करून टाकलाय मी. बॅटरी संपून अगदी बंद पडलाच, तरी लाईट आली की आपला आपण सुरू होईल. आता सारखा फोन नको, गुडघे धरून उठणं नको. सुटलीस तू!"

बायजाने भिंतीवरचं बटण परत लावून पाहिलं.

"मला कुटं तरास व्हता?" ती म्हणाली.

"तू कधी सांगणारेस का? मला कळत नाही होय?"

सांगून टाकावं, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. पण लेकाशी दोन शब्द बोलायला मिळावेत म्हणून लेकालाच फसवलं, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? आणि सांगितलं तर हा आजवरचे सगळे फोन आठवत बसेल. तो केवढ्या खुशीत होता! आईचं एक काम हलकं केल्याचा आनंद त्याच्या तोंडावर मावत नव्हता. बायजाने डब्याकडे बोट केलं.

"त्यात ऋत्विकचं फोटू हायेत ना? एक तरी दाव की."

"त्याला स्क्रीन नसते गं, आई. घरी गेलो की मोबाइलवर पाठवतो."

घाईघाईने चार घास खाऊन, माणगावला ट्रॅफिक तुंबायच्या आत निघतो म्हणत, तो गेलासुद्धा. बिरडं तसंच राहिलं.

तिन्हीसांज झाली तशी बायजा उठली. आधी कपाटाजवळचं बटण बंद केलं. तेवढ्याने भागेना म्हणून मीटरजवळ जाऊन मेन स्विचच खाली ओढला. घरभर काळोख झाला. कपाटावर तेवढा हिरवा दिवा जळत होता. ती त्याच्याकडे पाठ करून उंबऱ्यावर येऊन बसली आणि मोबाइल दोन्ही हातांत धरला.

शेजारची ठमी अंगणातून ओरडली, "बायजाकाकी, तुमचीच कशी लाईट गेली गो? सगल्या गावात तर हाय!"

बायजाने मोबाइलवरची नजर काढली नाही.

"असू दे गो. त्याचा फोन येऊ दे, मंग लावते."