धनुबाईचा मादागास्कर

रिक्षा पुरती थांबायच्या आतच धनुबाई खाली उतरली आणि तरातरा नवलच्या हॉटेलात शिरली. हॉटेल अक्कलकुव्याच्या हायवेवर, थोरल्या लेकाचं. पण तिला हवी होती ती धाकट्याची वस्तू. कुंदन नाशिकला नोकरीला जाताना आपली काचेची टाकी आणि तिच्यातला एकुलता एक मासा आईच्या हवाली करून गेला होता. लेकीकडे शहाद्याला राहून ती आज धानोऱ्याला परतली, तर ओसरीवर टाकी नव्हती. टाकी कुठे आहे, ते शेजारच्या काजलने मोबाइलवर दाखवलं. ते पाहिल्यावर धनुबाई घोटभर पाणीही न पिता निघाली होती.

दोन टेबलं जोडून टाकी हॉटेलच्या मधोमध ठेवलेली. वर रंगीत पाटी, ‘मादागास्करचा खुनी मासा’. ट्रकवाले, मोटारीतून उतरलेली माणसं, सगळी ताटं अर्धी टाकून काचेला भिडली होती. नवलच्या हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात एक केशरी मासा.

“पाहा हां आते!” म्हणत नवलने पिशवी टाकीत पालथी केली.

काळा मासा कोपऱ्यातून सुटला. अंगावरचे चांदण्यांसारखे ठिपके दिसेनासे झाले, नुसती काळी रेघ. केशरी माशाची शेपूट गेली. कुणीतरी शिट्टी मारली. लोक हसले.

“नवल!”

नवल दचकला. “माय? तू आठे कसाले वनी? चाल, खुर्चीवर बस, चहा सांगस.”

“चहा ऱ्हाऊ दे. दगड कोठे शेतस?”

“कोन्ता दगड?”

“त्याना दगड. ज्याना मांगे तो बसस.”

“काढी टाकात. लोकेसले दिसाले पाहिजे ना तो.”

टाकीत खरंच काही नव्हतं. ना कपार, ना आडोसा. चारी बाजूंनी तोंडं आणि वर ट्यूबलाइट. घरी ती ओसरी झाडायला लागली की हाच मासा काचेला लागून झाडूबरोबर या टोकापासून त्या टोकापर्यंत यायचा. खाण्याची डबी वाजली की वर तोंड काढायचा. आता तो कल्ले फुगवून प्रत्येक तोंडावर धावून जात होता आणि काचेवर आपटून मागे येत होता. त्याच्या ओठाचं साल निघालं होतं.

धनुबाईने बाही वर सारली आणि टाकीत हात घातला.

“माय, चावी तो!”

ती थांबली नाही. बुडाशी तडफडणारा केशरी मासा तिने ओंजळीत घेतला. तेवढ्यात काळ्याने तिच्या करंगळीला पकडलं. तिने ओठ मिटले आणि हात सावकाश बाहेर आणला. शेजारच्या टेबलावर पाण्याचा जग होता. केशरी मासा त्यात सोडून तिने तो जग नवलच्या छातीशी धरला.

“धर. याले आते तू पोस.”

तिच्या करंगळीतून रक्त गळत होतं. नवलला तेच हवं होतं. “देख, तुलेबी चावना ना? मी काय खोटं सांगस? मी थोडीच मारस कोन्ले? त्याना सभावच तसा शे.”

“त्याना सभाव कुंदननी सांगेल व्हता तुले. म्हनीसन त्याले एकला ठेवेल व्हता.” तिचा आवाज चढला. “त्याना घरमा तुम्ही दुसराले टाकतस. लपाले जागा ठेवतस नही. आनि खुनी त्याले म्हनतस?”

पांढऱ्या शर्टातला एकजण समजुतीच्या सुरात म्हणाला, “आजी, अहो मासाच आहे तो. कशाला एवढं मनाला लावून घेता?”

धनुबाई त्याच्याकडे वळली. “तू जेवाले वना ना, भाऊ? मंग जेव. आनि तो मोबाइल खाले ठेव.”

तो हसायला गेला. त्याला हसू आलं नाही. पण मागून दुसरा कुणी म्हणाला, “बाजूला व्हा ना आजी, दिसत नाही काही.”

यावर तिने एक खुर्ची ओढली, टाकीच्या पुढ्यात ठेवली आणि काचेला पाठ करून तीवर बसली. मागे धप्प, धप्प आवाज होत होता. मासा तिच्या पाठीवर धावून येत होता.

“माय, लोके पाही ऱ्हायनात,” नवल दबक्या आवाजात म्हणाला. “उठ ना. तो तुले वळखतबी नही.”

“तो नही वळखत. त्यानं काय चुकनं? मी तुले वळखस, आनि मले लाज वाटी ऱ्हायनी.”

नवलने हातातला जग गल्ल्यावर ठेवला, स्टुलावर चढून पाटी उतरवली आणि ड्रायव्हर भिलाला पिकअप दाराशी लावायला सांगितलं.

भाताचं सर्वांत मोठं पातेलं आणलं, टाकीतलंच पाणी त्यात भरलं, जाळीने मासा त्यात घेतला. टाकीही चढवली. उघड्या गाडीत धनुबाई पातेल्याशेजारी मांडी घालून बसली.

“माय, पुढे बस ना,” नवल म्हणाला. “मांगे ऊन शे.”

“ऊन त्यालेबी शे.”

ताटं सोडून माणसं दारापर्यंत आली होती. त्या सगळ्यांच्या देखत धनुबाईने डोक्यावरचा पदर काढला आणि पातेल्यावर ताणून धरला. नवलने मान खाली घातली. जन्मात कधी त्याने आईचं डोकं चारचौघांत उघडं पाहिलं नव्हतं.