मुलीसारखी

"मॅडम, जरा घाबरा ना," जाहिरातवाला म्हणाला. "तुम्ही साहेबांकडे तक्रार घेऊन आलाय. हात थरथरले तर फार बरं दिसेल."

शंकाबाईचे हात थरथरत नव्हते. हे नाव तिला ऑफिसनं दिलं होतं. कंपनी लिफ्टची देखभाल करायची आणि ही लिफ्ट तपासणारी इंजिनिअर. बाकीचे 'ठीक आहे' म्हणून जेवायला जात, तेव्हा ही मान वर करून दोर बघत उभी असे. परवा तिनं बाळंतपणाच्या दवाखान्यातली लिफ्ट बंद केली, कारण दोराच्या तारा तुटायला लागल्या होत्या. संध्याकाळी साहेबांनी ती चालू करायला लावली. दवाखाना हे सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, करार याच आठवड्यात पुढे न्यायचा होता, आणि अशा वेळी दारावर 'बंद'ची पाटी म्हणजे कंपनीचं नाक कापणं. तिनं दवाखान्यात परस्पर सांगून पाहिलं. तुमच्या साहेबांनी चालू केलीय ना, मग ते काय वेडे आहेत, असं तिलाच ऐकावं लागलं.

ही फिल्मही त्या करारासाठीच होती. आमच्या कंपनीत खरं बोलायची भीती नाही, असं तिच्यात दाखवायचं होतं. भाड्याचे नट कशाला, घरचीच माणसं आहेत की, म्हणत साहेबांनी नेमकं शंकाबाईला निवडलं. "फिल्म होऊ दे, मग तुझ्या त्या लिफ्टचं बघू," असंही म्हणाले. त्या एका वाक्यापायी ती सकाळपासून तोंडाला पावडर फासून बसली होती.

"बस," साहेब कॅमेऱ्यासमोर लोण्यासारख्या आवाजात म्हणाले. "न घाबरता बोल. तू मला मुलीसारखी आहेस."

तिला पाठ करायला दिलेलं वाक्य वेगळंच होतं. ती म्हणाली, "साहेब, दवाखान्यातल्या लिफ्टचा दोर तुटत आलाय. आजच बंद करा."

जाहिरातवाला खुश होऊन उठला. "वा मॅडम, हे अगदी खरं वाटलं. फक्त दवाखाना नको, गोदाम म्हणा. आणि शेवटी साहेबांचे आभार माना."

साहेब हसले. शरम फुकट वाटायला ठेवली असती तरी ते रांगेत उभे राहिले नसते. "पोरगी मनापासून बोलते," ते म्हणाले. "हेच तर लोकांना दिसायला हवं."

तिनं गोदाम म्हणून वाक्य पुन्हा म्हटलं, आणि त्या खोट्या गोदामाची लिफ्ट साहेबांनी कॅमेऱ्यासमोर तिथल्या तिथे बंद करायला लावली. "माणसाच्या जिवापुढे करार मोठा नाही," हे वाक्य तर त्यांना कुणी लिहूनही दिलं नव्हतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दाखवायचे दात इतके स्वच्छ घासलेला हत्ती कुणी पाहिला नसेल.

आता पोस्टरसाठी फोटो काढायचा होता. दिवे हलवेपर्यंत तिनं साहेबांना गाठलं.

"साहेब, फिल्म झाली. आता सांगता ना दवाखान्यात?"

"करार होऊ दे, मग बघू."

"तोवर दिवस भरलेल्या बायका त्याच लिफ्टनं वरखाली करतायत."

"अगं, दोर काय असा आज-उद्या तुटतो का? तुझं आपलं काहीतरीच."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. ती समोरच उभी होती, पण तिच्यासाठी बाजूला जावं असं त्यांना वाटलं नाही.

"हां बाळा. निघालीस का तपासून घ्यायला? त्याच दवाखान्यात ना?" आवाजातलं लोणी गेलं होतं, नुसती काळजी होती. "हे बघ, लिफ्टनं जायचं नाही. जिन्यानं जा. दम लागला तर बस मध्ये, पण जिन्यानंच. कशाला म्हणजे? बाप सांगतोय म्हणून."

शंकाबाईला इतका संताप आला की डोळे भरून आले. "साहेब, मग बाकीच्यांनाही सांगा ना. जिन्यानं जा म्हणून."

साहेबांनी फोन खिशात टाकला आणि टाय सरळ केला. "फोटो काढून घे," ते हळूच म्हणाले. "नाहीतर घरी जा. कायमची."

घरी गेली तर दवाखान्याच्या दारात तिला कुणी उभंसुद्धा करणार नव्हतं. ती जागेवरच राहिली.

"अरे वा, डोळ्यांत पाणी," जाहिरातवाला म्हणाला. "पुसू नका मॅडम. साहेब, खांद्यावर हात ठेवा. आणि मॅडम, तुम्ही साहेबांकडे बघा. जरा विश्वासानं."

फोटो छान आला. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या देखभालीतल्या प्रत्येक लिफ्टमध्ये तो लागला. दवाखान्यातल्या लिफ्टमध्ये तो बटणांच्या वरच आहे, आत शिरणाऱ्या बाईला पहिला दिसतो.