बॉयलर कोणी ओढला

या, जरा पुढे सरकून बसा. बुवा अजून हातपाय धुताहेत, पेटीचा सूर लागतोय. तेवढ्यात एक गोष्ट सांगून घेतो. देवादिकांची नाही, लॉरीची आहे. पण ऐका.

अक्कलकुव्याच्या पुढे चढ लागतो तिथे एक विहीर, आणि विहिरीशी दगूबाईची झोपडी. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीचा उन्हाळा. भर दुपारी दोन लॉऱ्या येऊन थांबल्या, पुढे फोर्ड, मागे शेवरोलेट. पाणी पाजल्याशिवाय चढाला कोणी गाडी घालत नसे, आणि पाणी काढून द्यायची दगूबाई.

तिने भरलेली कळशी काठावर टेकवली आणि नेहमीचा प्रश्न टाकला.

"काय रे भाऊ, वझं वढाले कोनती गाडी चांगली?"

झालं. दोन्ही डायवरांची तोंडं सुटली.

"फोर्ड!" नवलसिंग म्हणाला. "आठ शिलिंडर शेतस तिले, आठ! चढवर अशी जास, जशी नवरी माहेरले जास."

"पळानं काम येगळं, वढानं येगळं," गुलाबसिंगाने मागून टोला दिला. "वढाले शेवरोलेटच. बैलना मायक वढस, तोंडमाईन शब्द काढत नही."

"तिन्हा वाटानं तूच बोलस ना!"

दगूबाई तोंडाला पदर लावून हसली.

"दगूमाय, तू बी एक लॉरी लई टाक," नवलसिंग म्हणाला. "लोके गाय पोसतस, तू लॉरी पोस."

तिला गाड्यांचं काही नव्हतं. ती वाट बघत होती बॉयलरची. हा वाद तापला की बॉयलरची गोष्ट निघायचीच: नंदुरबारच्या स्टेशनावर उतरलेला कापसाच्या जिनिंगचा बॉयलर एका लॉरीने तापीच्या वाळूतून पलीकडे ओढून नेला, ती. ती लॉरी दगूबाईचा नवरा चालवत होता. आता तो नव्हता. नवऱ्याचं नाव बाईने घ्यायचं नाही, आणि कपाळ पुसल्यावर तर उखाण्यातही नाही. मूलबाळ नाही, दीर-जावा नाहीत. कधीतरी कोणाच्या तोंडून ते नाव निसटेल आणि आपल्या कानावर पडेल, एवढ्यासाठी ती हा वाद लावून द्यायची. डायवर नवे. बॉयलर सगळ्यांना ठाऊक, माणूस कोणालाच नाही.

पण आज फोर्डमध्ये उत्तमचंद शेठ बसले होते. गाडीचे मालक.

"अरे, काय भांडी ऱ्हायनात?" शेठ पगडी सावरत खाली उतरले. "मी सोता व्हतू तठे! साखळदंड मन्हा दंडएवढा. वाळूवर बाभूळना फांद्या टाकेल, तरी चाकं रुतनात. मी म्हनं, आते काही खरं नही. तो डायवर खाली उतरना, वाळूले हात लाईसन पाया पडना, परत चढना. आन् एका दममा बॉयलर पल्याड!"

"पन गाडी कोनती, शेठ?" दोघांनी एकदम विचारलं.

"कोन व्हता डायवर?" दगूबाईने विचारलं. कळशी सोडून ती पुढे आली.

शेठ थांबले. "उंच गडी. कानमा बाळी. नाव... जिभवर शे पहा." त्यांनी डोळे मिटले, मग मांडीवर थाप मारली. "चंपालाल! चंपालाल डायवर!"

"वा रे चंपालाल!" नवलसिंगाने टाळी दिली.

"नही," दगूबाई म्हणाली. "चंपालाल नही."

"तुले काय माहीत?"

"मन्हा घरना व्हतात ते."

शेठांनी तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "मंग तूच सांग ना. काय नाव?"

तिने पदर तोंडावर घट्ट धरला.

"अहो शेठ, ती कशी घेई?" गुलाबसिंग म्हणाला. "आपणच काढूत शोधी. दगूमाय, शांतीलाल?"

मान हलली. नाही.

"मदनलाल?"

नाही.

"नुसतं लाल तरी शे का?"

हो, हो. मान जोरजोरात हलली. डोळे भरून आले होते तिचे.

"हिरालाल? मोतीलाल? माणकलाल?"

"सोनारनं दुकान उघडं का रे?" नवलसिंग म्हणाला, आणि तिघेही खदखदा हसले. दगूबाई हसली नाही. ती गुलाबसिंगाच्या ओठांकडे बघत होती.

शेठांनी उन्हाकडे पाहिलं. "चला रे, वर मोहफुलंना माल पडेल शे. बाकीनं पुढली खेपले."

हँडल फिरलं. फोर्ड धडधडली, मागोमाग शेवरोलेट. शेठ खिडकीतून हात बाहेर काढून ओरडले, "तवलग आम्ही चंपालालच म्हनसूत बरं का, बाई!"

ती दोन पावलं लॉरीमागे धावली. ओठ उघडले. त्या धडधडाटात बोलली असती तरी कोणाला ऐकू गेलं नसतं. पण शब्द आला नाही.

धूळ खाली बसली. वरच्या वळणावरून आवाज येतच होते. फोर्ड. शेवरोलेट. चंपालाल.

बुवा उभे राहिले बघा. आता आपण सगळे मिळून देवाचं नाव घेऊ. त्याला गळ्यांची कमी नाही. पण टाळ हातात घ्यायच्या आधी एवढं करा. एकदा, हळूच, सुकलाल म्हणा.

तिला म्हणता येत नाही.